विज्ञान धोरणात करिअर करायचंय? मग या चुका टाळा

‘शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष देणे गरजेचे आहे.’ एमएस्सी आणि पीएचडीची मुलं धोरणविषयक टिपण लिहितात तेव्हा शेवटचं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. सांगलीत या मुलांचे वर्ग घेताना या वाक्यावर लाल रेघ मारून मारून मला वीट आलाय. शासन म्हणजे कोण? जलसंपदा विभाग की कृषी विभाग? मंत्रालयातले सचिव की इथले जिल्हाधिकारी? आणि लक्ष देऊन त्यांनी करायचं काय? नियम बदलायचा, निधी द्यायचा, की आहे तोच नियम पाळायला लावायचा?

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

पुराच्या प्रतिमानावर (गणिती मॉडेलवर) पीएचडी करणारा एक विद्यार्थी माझ्याकडे येत असे. काम उत्तम होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. वरच्या कोयना धरणात आधी जागा राखली असती तर पाणी किती उतरलं असतं, याचं गणित त्यानं नीट मांडलं होतं. शिफारस एका ओळीची: ‘कोयना धरण ऑगस्टपर्यंत अर्धेच भरावे.’ तो ते टिपण घेऊन पाटबंधाऱ्याच्या एका अधिकाऱ्यांकडे गेला. मीही सोबत होते. साहेबांनी आलेख बाजूला ठेवले आणि विचारलं, “बाळ, जलाशय परिचालन सूची वाचलीस का? कुठल्या तारखेला किती साठा ठेवायचा ते त्यात लिहिलेलं असतं. तुला त्यातली कुठली ओळ बदलून पाहिजे?” त्यानं ती सूची कधी पाहिलीच नव्हती. पुढचा प्रश्न आला, “१०५ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण अर्धं ठेवलं आणि सप्टेंबरात पाऊस गेला, तर उन्हाळ्यात टेंभू-ताकारी उपसा सिंचन योजनांचे पंप कशावर चालवायचे? आटपाडीच्या दुष्काळी भागातल्या लोकांना तू उत्तर देणार का?” पोरगा गप्प.

साहेब चिडले नव्हते. रोज त्यांना जे ठरवावं लागतं तेच त्यांनी विचारलं होतं. पूर येणाऱ्या गावाचं नुकसान आणि दुष्काळी तालुक्याचं पाणी एकाच धरणात साठवलेलं असतं, वर वीजनिर्मिती वेगळीच. टिपणात यातलं एकच गाव दिसत असेल तर ते टिपण अधिकाऱ्याच्या कामाचं नाही. त्या मुलानं पुढे सूची मिळवली, वाचली आणि नवीन टिपण लिहिलं: अमुक पंधरवड्यात, अमुक अंदाज असेल तर साठ्याची मर्यादा इतकी खाली आणा, त्यानं उन्हाळ्यात इतक्या पाण्याची जोखीम येते, आणि हा बदल या पातळीवरच्या अधिकाऱ्यांनी मंजूर करायचा आहे. ते टिपण साहेबांनी ठेवून घेतलं आणि आणखी एक प्रत मागितली.

तेव्हापासून माझा नियम कडक आहे. आलेख काढायच्या आधी एका कोऱ्या पानावर हातानं लिहायचं: निर्णय कोण घेतं, कुठल्या कायद्यानं किंवा नियमानं, वर्षातल्या कुठल्या महिन्यात, पैसा कुठल्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यातून) येणार, आणि कोणाचं नुकसान होणार. पान भरलं नाही तर मी टिपण हातात घेत नाही. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो आणि मुलं फेब्रुवारीच्या शेवटी नवीन योजनेची मागणी घेऊन येतात. विभागांचे प्रस्ताव त्याच्या कितीतरी आधी गेलेले असतात.

दुसरी चूक, जिचा मला खरोखर राग येतो: मूळ कागद न वाचता मत बनवणं. कृष्णाकाठी अलमट्टीवर, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणावर, मत नसलेला माणूस सापडणार नाही, आणि ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांचा संताप मी पाहिलाय. पण धोरणात काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यानं तरी कागद वाचलेला असावा. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही. दुसरीकडे, अलमट्टीची पातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला कृष्णेच्या पाणीवाटपाच्या ब्रिजेशकुमार लवादानं २०१० मध्ये मुभा दिली आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. झालेल्या पुराचं कारण हा एक प्रश्न, उंची वाढल्यावर काय होईल हा दुसरा. व्हॉट्सअॅपवर दोन्हींची खिचडी होते आणि माझे विद्यार्थी तीच ताटात वाढून आणतात. समितीशी असहमत असाल तर जरूर असा, पण कुठल्या पानावरच्या कुठल्या गृहीतकाशी, ते सांगा.

साताऱ्याकडच्या मुलांचं असंच पश्चिम घाटाच्या संरक्षणावरच्या गाडगीळ आणि कस्तुरीरंगन अहवालांबाबत होतं. पाटण, जावळीच्या गावांत दोन्ही नावं एका दमात घेतली जातात. गाडगीळ समितीनं २०११ मध्ये संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर केले आणि निर्णयात ग्रामसभांना जागा दिली. कस्तुरीरंगन गटानं २०१३ मध्ये सुमारे ३७ टक्के क्षेत्रच संवेदनशील म्हणून वेगळं काढलं. गाडगीळ अहवाल तर केंद्रानं दाबून ठेवला होता. माहिती अधिकारात अर्ज झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा कुठे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. इतक्या खटपटीनं खुला झालेला कागद आपण उघडूनही बघायचा नाही, हे मला पटत नाही. सारांशाचे व्हिडिओ आणि एआयनं काढलेले मुद्दे माझ्या वर्गात चालत नाहीत. अहवाल लांब असतो, मान्य. लांब कागद वाचता येणं हेच या नोकरीतलं निम्मं काम आहे.

शासन निर्णय वाचायची माझी पद्धत उलटी आहे. आधी शेवटची ‘प्रत’ यादी बघायची, म्हणजे काम कोणाच्या टेबलावर जाणार ते कळतं. मग वित्त विभागाचा अनौपचारिक संदर्भ (त्या विभागाच्या सहमतीचा क्रमांक) आणि लेखाशीर्ष शोधायचं. पैशाची योजना आहे आणि ही दोन्ही सापडत नाहीत, तर पैसा कुठून येणार हा प्रश्न तिथेच लिहून ठेवायचा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी वाचावी. मुलं नेमकी तीच वाचून थांबतात.

बाकीच्या चुका थोडक्यात.

टीएमसी म्हणजे साठा, क्युसेक म्हणजे प्रवाहाचा वेग, सेकंदाला किती घनफूट. दिवसभर ११,५७४ क्युसेकनं पाणी सोडलं की एक टीएमसी होतं, हे तोंडपाठ हवं.

शेती आणि पाणी राज्याचे विषय, आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राच्या सूचीत. चुकीच्या दाराशी उभे राहू नका.

अनिश्चितता लपवू नका. एकच आकडा देण्यापेक्षा ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं लिहा. चांगला अधिकारी तेच विचारतो.

दोन पानांच्या वर टिपण नको. आणि ते मराठीतही लिहा, जिल्हा परिषदेत त्यावर मराठीतच चर्चा होते.

शेवटची चूक घाईची. एक कार्यशाळा केली, प्रमाणपत्र मिळालं, की मुलं विचारतात, “मॅडम, दिल्लीची फेलोशिप कधी?” विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची धोरण संशोधन केंद्रं आहेत, त्यांच्या फेलोशिप आहेत, अर्ज अवश्य करा. पण तासगावात राहून दिल्लीकडे बघत बसणाऱ्यांना मी आधी एक काम देते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडली. ते रसायन आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. रसायनशास्त्राची पोरं प्रयोगशाळेत असे अंश रोज मोजतात, पण मर्यादेचा आकडा कोण ठरवतं, यादीत नवीन नाव कसं घातलं जातं आणि ते बागायतदाराला कधी कळतं, हे विचारलं की एकमेकांकडे बघतात. तर अपेडाची (शेतमाल निर्यात पाहणाऱ्या केंद्राच्या संस्थेची) आत्ताची यादी काढा, एका निर्यातदाराला आणि एका बागायतदाराला भेटा, दोघांना ती कुठल्या तारखेला मिळाली ते लिहून आणा. मग फेलोशिपच्या अर्जावर बोलू.