फोनमधले हजारो फोटो काढून टाकण्यापूर्वी

फोनमधले नकोसे फोटो मोठ्या संख्येने काढून टाकायला बसणाऱ्याला आधी एक गोष्ट पक्की ठाऊक असावी लागते, ती म्हणजे आपला फोटो नेमका कुठे साठवलेला आहे. गॅलरीत दिसणारा फोटो फक्त फोनमध्ये असू शकतो, फक्त गूगल फोटोज किंवा आयक्लाउडवर असू शकतो, दोन्हीकडे असू शकतो, नाहीतर व्हॉट्सॲपवरून आलेली कमी दर्जाची प्रत असू शकतो, आणि यांतले खरे काय ते नुसत्या पाहण्याने कळत नाही. प्रत्यक्ष डिलीट करण्याचे काम एखाद्या संध्याकाळी उरकते. नको ते जाईल की हवे तेही जाईल, हे मात्र त्याआधीच्या तयारीवर ठरते. म्हणून या यादीतली बहुतेक कामे पहिला फोटो डिलीट होण्याच्या आधीची आहेत.

सुरुवात हेतूपासून करावी. फोनमधली जागा संपली आहे म्हणून आवरायचे आहे, की हवा तो फोटो वेळेवर सापडत नाही म्हणून? ही दोन कामे वेगळी आहेत आणि त्यांचा क्रमही वेगळा आहे. जागा हवी असेल तर सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून कोणती गोष्ट किती जागा अडवते ते आधी पाहावे. बारा मेगापिक्सेलचा साधा जेपेग फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो, आणि नव्या फोनमधल्या हाइक (HEIC) या कमी जागा घेणाऱ्या प्रकारचा फोटो त्याच्या निम्म्याच्या आसपास. आयफोनवर १०८०पी दर्जाच्या एका मिनिटाच्या व्हिडिओला सुमारे ६० एमबी लागतात, तर फोर-के दर्जाच्या आणि सेकंदाला ६० फ्रेम असलेल्या मिनिटाला ४०० एमबी. याचा अर्थ असा, की असा पाच मिनिटांचा एकच व्हिडिओ काढून टाकला तर जी जागा सुटते ती मिळवण्यासाठी पाचशेच्या आसपास फोटो निवडत बसावे लागले असते. त्यामुळे जागेची अडचण असलेल्याने फोटोंकडे वळण्याआधी व्हिडिओ आकारानुसार लावून पाहावेत. अनेकांचे काम तिथेच संपते.

त्यानंतरचा टप्पा क्लाउडचा, म्हणजे गूगल फोटोज किंवा आयक्लाउडसारख्या इंटरनेटवरच्या साठवणीचा. सर्वाधिक नुकसान इथे होते, म्हणून इथे घाई करू नये. गूगल फोटोजमध्ये बॅकअप सुरू असताना त्या ॲपमधून फोटो डिलीट केला, तर तो फोनमधून जातो, क्लाउडवरून जातो आणि त्याच खात्याने उघडलेल्या इतर उपकरणांवरूनही जातो. फक्त फोनमधली प्रत काढून क्लाउडवरची ठेवायची असेल, तर त्याच ॲपमध्ये जागा मोकळी करण्याचा वेगळा पर्याय आहे. तो बॅकअप पूर्ण झालेल्या फोटोंच्याच फोनमधल्या प्रती काढतो. आयक्लाउड फोटोजचा स्वभाव आणखी निराळा आहे. ती सर्व उपकरणांवर एकच संग्रह सारखा ठेवणारी सेवा आहे, म्हणून आयफोनवर डिलीट केलेला फोटो आयपॅड आणि मॅकवरूनही नाहीसा होतो. आयक्लाउडवर आहे म्हणजे वेगळी प्रत सुरक्षित आहे, असे समजून फोनमधला फोटो काढणे हा सरळ सरळ गैरसमज आहे.

बॅकअप सुरू आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तो कोणत्या खात्यावर चालू आहे ते पाहावे, कारण एका फोनवर दोन खाती असणे आता नवलाचे राहिलेले नाही. तो पूर्ण झाला आहे की मध्येच अडकला आहे, तेही तपासावे, आणि संगणकाच्या ब्राउझरमध्ये तेच खाते उघडून काही जुने, काही मधले आणि अगदी अलीकडचे फोटो खरोखर दिसतात का याची खात्री करावी. बॅकअपचा दर्जाही बघण्यासारखा असतो. गूगल फोटोजच्या जागा वाचवणाऱ्या पर्यायात सोळा मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो तेवढ्यावर आणले जातात आणि १०८०पीपेक्षा वरचे व्हिडिओ १०८०पीपर्यंत उतरवले जातात. रोजच्या फोटोंसाठी हे पुरेसे आहे. मोठ्या आकारात छापायचे फोटो असतील तर मूळ फाइल वेगळी राखून ठेवलेली बरी.

क्लाउडवरची जागा सोडवण्यासाठी आवरणाऱ्यांनी आणखी एक बारकावा लक्षात घ्यावा. गूगलच्या मोफत १५ जीबीमध्ये ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांचा वाटा असतो आणि फोटोंचा हिशेब त्यात १ जून २०२१पासून धरला जाऊ लागला. त्या तारखेपूर्वी मूळ दर्जात न ठेवता तेव्हाच्या उच्च दर्जाच्या पर्यायाने चढवलेले फोटो या मोजणीत येत नाहीत. म्हणजे २०१८ सालचे हजार फोटो जड मनाने काढून टाकले, तरी मोकळ्या जागेचा आकडा जागचा हलणार नाही, अशी शक्यता आहे. आधी ईमेलमधल्या मोठ्या जोडफाइली आणि ड्राइव्हमधले विसरलेले व्हिडिओ पाहावेत. आयक्लाउडवर मोफत जागा अवघी ५ जीबी असल्यामुळे तिथे हा प्रश्न फार लवकर उभा राहतो.

क्लाउडचा हिशेब लागला की स्वतःच्या हातातली एक प्रत तयार करावी. ही पायरी अनेकांना जुनाट वाटते; माझ्या मते तिच्याशिवाय पुढे जाऊच नये. फोन केबलने संगणकाला जोडून फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावेत. डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेली असेल, तर तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकेक फाइल मावत नाही आणि लांबलचक व्हिडिओ नेमके मागे राहतात. एक्सफॅट प्रकारात ही अडचण येत नाही आणि तो विंडोज व मॅक दोन्हींवर चालतो. आयफोनवर जागा वाचवण्यासाठी लहान प्रती ठेवण्याचा पर्याय सुरू असेल, तर अनेक फोटोंची मूळ फाइल फोनमध्ये नसतेच, त्यामुळे केबलने उतरवून घेण्याआधी मूळ फोटो डाउनलोड करून ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि ते उतरायला पुरेसा वेळ द्यावा. प्रत करून झाल्यावर दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते पाहावे आणि निरनिराळ्या वर्षांचे काही फोटो व व्हिडिओ उघडून बघावेत. उघडून न पाहिलेली प्रत जमेस धरू नये.

ही प्रत व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून करण्याचा मोह टाळावा. तिथे फोटो दाबून लहान केला जातो, आणि फोटो केव्हा व कुठे काढला ही फाइलमध्ये लपलेली माहितीही निघून जाते. ही माहिती वरवर पाहता बिनमहत्त्वाची वाटते, पण तारखेनुसार लागलेली सगळी मांडणी तिच्यावरच उभी असते. ती गेली की दहा वर्षांपूर्वीचा फोटो आजच्या तारखेखाली जाऊन बसतो. छायाचित्रकारांमध्ये तीन-दोन-एक असा एक नियम रूढ आहे: फोटोच्या तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. घरगुती संग्रहालाही तो तंतोतंत लागू पडतो.

फोटो फक्त आपलेच असतात असेही नाही. गूगल फोटोजमध्ये आपण एखाद्या शेअर केलेल्या अल्बममध्ये घातलेला फोटो आपल्या संग्रहातून काढला, की तो त्या अल्बममधूनही जातो. ज्यांनी स्वतःच्या संग्रहात जतन केला असेल त्यांच्याकडे तेवढा राहतो. तेव्हा कुटुंबातल्या किंवा मित्रमंडळींतल्या सहभागी माणसांना आधी कल्पना द्यावी आणि हवे ते जतन करून घ्यायला सांगावे. कागदपत्रांच्या फोटोंसाठी वेगळा फोल्डर करून ते आधीच बाजूला काढावेत: ओळखपत्रे, प्रमाणपत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या, वॉरंटीची बिले, भाड्याची जागा ताब्यात घेताना काढलेले तिच्या अवस्थेचे फोटो. हे फोटो दिसायला रटाळ असतात, आणि म्हणूनच झपाट्याने निवड करताना सर्वांत आधी तेच हातचे जातात.

आता निवडीचे नियम. ते फोटो समोर येण्यापूर्वी कागदावर लिहून काढावेत, कारण फोटो पडद्यावर आला की मन त्याची बाजू घेऊ लागते. कोणते स्क्रीनशॉट जातील, एकाच प्रसंगाच्या एकसारख्या फोटोंपैकी किती राहतील, हललेले आणि अंधुक फोटो कोणत्या अपवादाने वाचतील, हे आधी ठरलेले असावे. एकसारख्या फोटोंपैकी दोनच ठेवायचे असे ठरवले असेल तर तिसऱ्यासाठी रदबदली ऐकू नये. दुसरी सूचना अशी, की टाकायचे निवडत बसण्यापेक्षा ठेवायचे आधी निवडावेत. महिन्यामहिन्याने पुढे जात आवडीच्या फोटोंना हार्टची किंवा ताऱ्याची खूण करावी आणि मग उरलेल्यांकडे वळावे. हा मार्ग उलट वाटतो, पण त्यात निर्णय कमी घ्यावे लागतात आणि मन कचरत नाही. सुरुवात स्क्रीनशॉटपासून करावी. जुने कौटुंबिक फोटो शेवटी घ्यावेत, आणि हयात नसलेल्या माणसांचे फोटो या सगळ्या कामातून पूर्णपणे वगळावेत. त्यांच्यामुळे अशी काही फार जागा अडलेली नसते.

दुबार फोटो शोधायला वेगळे ॲप घेण्याची गरज सहसा पडत नाही. आयफोनवर २०२२ सालच्या आयओएस १६पासून डुप्लिकेट फोटोंचा वेगळा अल्बम आपोआप तयार होतो, आणि अँड्रॉइडवर गूगलचे फाइल्स हे ॲप दुबार फाइली व जुने स्क्रीनशॉट सुचवते. एका बटणात सारे स्वच्छ करण्याची हमी देणारी अनोळखी ॲप्स आधी संपूर्ण गॅलरीची परवानगी मागतात आणि मग वर्गणी. त्यांच्या वाटेला जाऊ नये. ओळखीचे साधन वापरले तरी त्याने काढलेल्या गठ्ठ्यावर डोळे मिटून सर्व निवडा हे बटण दाबू नये, कारण तिकिटाचा किंवा पावतीचा स्क्रीनशॉट आणि निरोपाच्या चित्राचा स्क्रीनशॉट यांतला फरक त्या साधनाला कळेलच असे नाही.

व्हॉट्सॲपचा ढीग वेगळा धरावा आणि त्याच्यासाठी वेगळी बैठक ठेवावी. त्याआधी फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणे बंद करावे, नाहीतर एका बाजूने आवरत असताना दुसऱ्या बाजूने भर पडत राहते. ॲपच्या सेटिंग्जमध्ये साठवणीचे व्यवस्थापन उघडले की ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगवेगळ्या दिसतात, शिवाय कोणत्या गप्पांनी किती जागा घेतली तेही कळते. अँड्रॉइडवर गप्पांमध्ये दिसणारा आणि गॅलरीत दिसणारा फोटो ही एकच फाइल असते, म्हणून गॅलरीतून काढल्यावर तो गप्पांमध्येही उघडत नाही आणि पुन्हा उतरेलच याची खात्री नसते. आयफोनवर फोटोज ॲपमध्ये जतन झालेली प्रत वेगळी असते, त्यामुळे ती एकीकडून काढली तरी दुसरीकडची जागा अडवून बसते. शिवाय अँड्रॉइडवर आपण पाठवलेल्या फोटोंच्या प्रती सेंट नावाच्या फोल्डरमध्ये साठत जातात आणि त्या गॅलरीत दिसत नाहीत. फाइल मॅनेजरमधून तो फोल्डर उघडून पाहावा.

बैठकीच्या दिवशी फोन चार्ज असावा आणि वाय-फाय असावे, इतकेच. बैठका लहान ठेवाव्यात. बराच वेळ झाला की माणूस एकतर सारेच ठेवू लागतो किंवा सारेच काढू लागतो.

शेवटी ट्रॅश. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, बॅकअप न झालेले ३० दिवस; आयफोनवर अलीकडे डिलीट केलेल्यांच्या अल्बममध्येही मुदत ३० दिवसांची असते. फोटो तिथे असेपर्यंत जागा सुटत नाही, आणि डिलीट करूनही आकडा तोच कसा, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा तिथे असते. व्हॉट्सॲपच्या आतून काढलेल्या फाइलींना मात्र अशी मुदत मिळतेच असे धरून चालू नये. आजच्या फोनमधली साठवण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या सांकेतिक रूपात असल्यामुळे ट्रॅश रिकामा केल्यावर फोटो परत मिळवून देण्याच्या जाहिरातींवर विसंबता येत नाही. म्हणून ट्रॅश आठवडाभर तसाच ठेवावा, त्या काळात हार्ड डिस्कवरची प्रत पुन्हा एकदा उघडून पाहावी आणि घरातल्या इतरांना काही हवे आहे का ते विचारावे. जागेची फारच निकड असेल तर त्यातले केवळ मोठे व्हिडिओ, तेही डिस्कवर चालवून पाहिलेले, तेवढे लगेच कायमचे काढावेत आणि बाकीच्यांची मुदत चालू द्यावी.