सायकलच्या फ्रेमला पावडर कोटिंग करून घेताना

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या पावडर कोटिंगवाल्याकडे (कोरडी रंगाची पूड फवारून ती भट्टीत वितळवून बसवणाऱ्याकडे) फ्रेम नेण्यापूर्वी हँडलच्या बेअरिंगच्या वाट्या आणि बॉटम ब्रॅकेटसह (पेडलचा दांडा ज्यात फिरतो तो भाग) प्रत्येक सुटा भाग काढावा, कारण भट्टीचे तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस असते आणि त्यात प्लॅस्टिक वा ग्रीस टिकत नाही. कार्बनची फ्रेम तर तिकडे नेऊच नये. जुना रंग आणि गंज मुळापासून काढणार का, हे रंगाची छटा निवडण्याआधी विचारावे. माझी पहिली फ्रेम चकचकीत होऊन आली खरी, पण बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांत पावडर इतकी घट्ट बसली होती की टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून आटे मोकळे करावे लागले. म्हणून आटे आणि बेअरिंगच्या बैठका उष्णता सोसणारी टेप व सिलिकॉनची बुचे लावून झाकायला सांगावे. फ्रेमचा क्रमांकही आधीच टिपावा, कारण जाड थराखाली तो बुजतो.