आरोग्याविषयी पोस्ट लिहिताना या चुका टाळा

गेली बावीस वर्षे मी तालुक्याच्या गावात औषधांचे दुकान चालवते आहे, आणि त्यातली अलीकडची आठ-नऊ वर्षे काउंटरवर डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर मोबाइलही माझ्यासमोर धरला जातो. 'यात लिहिलंय तसं द्या' म्हणणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही, कारण कुणीतरी जाणत्याने विचार करून लिहिले असेल या विश्वासाने तो आलेला असतो. हा लेख त्या लिहिणाऱ्यांसाठी आहे: फार्मसी, नर्सिंग किंवा विज्ञान शिकणारी मुले, निवृत्त शिक्षक, आणि आरोग्याची आवड असलेले, समाजाचे भले व्हावे म्हणून रोज सकाळी काहीतरी लिहिणारे गृहस्थ. यांच्यापैकी बहुतेकांचा हेतू निर्मळ असतो. परंतु मजकूर आटोपशीर करण्याच्या घाईत जे शब्द सर्वांत आधी कापले जातात, त्यांतच बहुतेक वेळा औषधाचे सारे मर्म असते.

किती, ते न लिहिणे

'जुलाब होत असल्यास ओआरएसचे पाकीट पाण्यात विरघळवून पाजावे.' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की आता ते दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. किती पाण्यात, हे त्यात नाही.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी ओळखीच्या घरातल्या आजी आणखी चार पाकिटे मागायला दुकानात आल्या. अकरा महिन्यांच्या नातवाला आदल्या दिवसापासून जुलाब होत होते. 'सकाळपासून चार संपली बघ, तरी पोरगं पाण्यासाठी तडफडतंय, अंगाला हात लावू देत नाही,' असे त्या म्हणाल्या. आमच्याकडची पाकिटे एक लिटरची असतात, म्हणजे चार पाकिटांचे चार लिटर झाले. एवढेसे मूल अर्ध्या दिवसात चार लिटर पिणे शक्यच नाही. मी विचारले, 'आजी, पाकीट कशात कालवता?' त्यांनी माझ्या माठावर पालथा घातलेल्या स्टीलच्या पेल्याकडे बोट दाखवले.

एका पाकिटात साडेवीस ग्रॅम पूड असते आणि तिच्यात २.६ ग्रॅम मीठ असते. ती पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवली की लिटरमागे ७५ मिलिमोल (क्षारांचे प्रमाण मोजायचे एकक) सोडियम होते, आणि आतड्यातून पाणी व क्षार शोषले जाण्यासाठी हे प्रमाण विचारपूर्वक ठरवलेले आहे. तीच पूड २०० मिलिलिटरच्या पेल्यात कालवली की आकडा पाचपट होतो, म्हणजे ३७५. समुद्राच्या पाण्यात तो साधारण ४७० असतो. आजी मोठ्या मायेने नातवाला जवळजवळ समुद्राचे पाणी पाजत होत्या. अशा पाण्याने तहान भागत नाही, उलट पेशींमधले पाणी बाहेर ओढले जाते, मूल चिडचिडे होते आणि पुढे झटकेही येऊ शकतात. मी दुकान तसेच उघडे टाकून त्यांच्याबरोबर बालरोगतज्ज्ञांकडे गेले. वाढलेले सोडियम एकदम उतरवले तर मेंदूला सूज येण्याची भीती असते, त्यामुळे ते हळूहळू खाली आणण्यात पाच दिवस गेले. मूल बरे झाले; आता अंगणवाडीत जाते.

आजींच्या सुनेने मला ती पोस्ट दाखवली, आणि ती कुणी लिहिली हे कळल्यावर मला जास्त वाईट वाटले, कारण फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला तो मुलगा माझ्याच दुकानात शिकायला येत असे. 'मॅडम, चित्रावर पाचच ओळी बसत होत्या,' असे त्याचे उत्तर होते. त्या पाचांपैकी एक ओळ त्याने इतिहासाला दिली होती. इतिहास खराच होता: १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरले आणि सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आणले. मात्र त्या छावणीत पुडीच्या पिशव्यांवर ती कशी विरघळवायची याच्या सूचना चिकटवलेल्या होत्या. पोस्टमध्ये ओळ कमी पडत असेल तर इतिहास गाळावा, पाण्याचे माप गाळू नये.

त्या दिवसापासून मी काउंटरवर एक लिटरची रिकामी बाटली ठेवली आहे. ओआरएस घेणाऱ्या प्रत्येकाला मी ती हातात देते आणि 'पूर्ण पाकीट, पूर्ण बाटली' हे त्यांच्या तोंडून वदवून घेते. लहान पाकीट असेल तर त्यावरचे माप वाचून दाखवते. कालवलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचे, हेही सांगते. तुम्हीही पोस्ट लिहाल तेव्हा माप अशा भांड्याचे द्या, जे वाचणाऱ्याच्या घरात आहे आणि ज्याचा आकार घरोघरी बदलत नाही. पेला, वाटी, तांब्या आणि ग्लास यांतले एकही भांडे या कसोटीला उतरत नाही.

'चमचा' हा शब्द तर मी एकटा कधीच लिहीत नाही. घरी द्रावण करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ घ्यावे लागते. 'चहाचा' हा शब्द गाळला की कुणी पोह्याचा चमचा घेतो आणि 'सपाट' गाळला की कुणी शीग भरून घेतो. लिहिणाऱ्याला हे शब्द किरकोळ वाटतात, म्हणून मुद्दाम सांगते की चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा आणि मोठा चमचा १५ मिलिलिटरचा असतो.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचेही असेच आहे. त्याच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरप मात्र ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचे मिळते आणि २५० मिलिग्रॅमचेही मिळते, अनेकदा एकाच कंपनीचे आणि एकाच नावाचे. 'ताप आल्यास ५ मिली पॅरासिटामॉल द्या' असे ज्याने लिहिले, त्याने थेंबांची बाटली हातात असलेल्या आईला ५०० मिलिग्रॅम द्यायला सांगितले. मुलाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून अशा पोस्टमध्ये मात्रा न लिहिता 'बाटली घेऊन डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारा' एवढेच लिहावे, असे माझे ठाम मत आहे.

पुरावा एका गोष्टीचा, दावा दुसऱ्याच गोष्टीचा

'हळदीने जखमा आणि कर्करोग बरे होतात, हे अमेरिकेनेही मान्य केले' ही पोस्ट दर काही महिन्यांनी नव्याने जन्म घेते, आणि ती लिहिणारे बहुधा चांगले शिकलेले असतात. तिच्या मुळाशी एक खरी आणि अभिमान वाटावा अशी घटना आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या सीएसआयआरने (देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने) त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. पण ते का रद्द झाले, हे पाहायला हवे. पेटंट मिळण्यासाठी गोष्ट नवी असावी लागते, आणि आपल्या शास्त्रज्ञांनी जुने ग्रंथ व लेख पुढे ठेवून हा वापर नवा नसल्याचे सिद्ध केले. हळदीने जखम किती भरते याची परीक्षा तिथे झालीच नाही, आणि कर्करोगाचा तर विषयही नव्हता. विजय आपला होता, तो तसाच सांगावा. त्याला औषधाचे प्रमाणपत्र जोडू नये.

कर्करोगाचा भाग या पोस्टमध्ये प्रयोगशाळेतून येतो. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर कर्क्युमिन हा हळदीतला घटक घातला आणि पेशी मेल्या, असे निष्कर्ष खरोखरच प्रसिद्ध झालेले आहेत. परंतु हळदीच्या पुडीत कर्क्युमिन जेमतेम तीनेक टक्के असते आणि पोटात गेल्यावर ते रक्तात फारच थोडे उतरते, त्यामुळे बशीतल्या पेशींना मिळालेली मात्रा हळदीचे दूध पिऊन गाठीपर्यंत पोहोचत नाही. मी कुठलाही अभ्यास वाचताना वहीत आधी एक शब्द लिहिते: 'बशी', 'उंदीर' किंवा 'माणूस'. माणूस असेल तर किती माणसे, हे त्याच्यापुढे लिहिते. १९९८ मध्ये गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचा संबंध सुचवणारा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, तेव्हा त्यात अवघी बारा मुले होती. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला, तरी त्याच्या आधारे लिहिलेल्या पोस्ट आजही माझ्या गावात फिरतात आणि तरण्या आया गोवराची लस द्यावी की नाही हे मला विचारतात.

टक्केवारी उचलून ठेवणे

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच गटात टाकले. त्यावरून 'सॉसेज म्हणजे सिगारेट' असे लिहिले गेले. तो गट पुरावा किती पक्का आहे एवढेच सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. रोज असे ५० ग्रॅम मांस खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते, याचा अर्थ शंभरातल्या अठरा जणांना तो होतो असा नव्हे. जिथे शंभरातल्या पाच जणांना होत असेल, तिथे तो सुमारे सहा जणांना होईल. टक्के लिहायचे असतील तर 'शंभरातले किती' हेही लिहा, नाहीतर आकडा अजिबात लिहू नका.

काही चुका थोडक्यात सांगते. मजकुराखाली मोठ्या डॉक्टरांचे नाव दिसले म्हणून तो खरा मानू नका. गरम नारळपाण्याने कर्करोग बरा होतो असा संदेश टाटा मेमोरियलच्या संचालकांच्या नावाने फिरला आणि रुग्णालयाला खुलासा करावा लागला. एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला तर जोरजोरात खोकत राहा, ही पोस्ट लिहू नका. त्या वेळी १०८ ला फोन करायचा असतो. पक्षाघातात बोटांना सुई टोचायला सांगू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि टोचाटोचीत तोच वेळ जातो. सर्पदंशावर लिहिताना चिरा देणे, चोखणे आणि आवळून बांधणे या गोष्टी 'प्राथमिक उपचार' म्हणून देऊ नका, आणि वेदना नाहीत म्हणजे साप बिनविषारी असेही लिहू नका, कारण मण्यारीचा दंश कित्येकदा दुखतही नाही. गोड पेयाच्या खोक्याचा फोटो 'ओआरएस' म्हणून टाकू नका. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडा दिला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. आणि प्रत्येक पोस्टवर तारीख घाला.

नवख्या मुलांना माझा एक आग्रह फार जाचक वाटतो: लिहिलेली पोस्ट एक रात्र तशीच ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी आरोग्यातले काहीही न शिकलेल्या माणसाला ती वाचून दाखवून 'आता करून दाखव' असे म्हणायचे. सकाळची वेळ गेली की पोस्ट पोहोचत नाही, असे ते म्हणतात. आजारपणावर लिहिलेली गोष्ट एक दिवस उशिरा पोहोचली तर फारसे बिघडत नाही. माझी परीक्षा पाहणारी बाई शेजारच्या इस्त्रीच्या दुकानातली आहे. परवा एका मजकुरात मी 'कोमट' लिहिले होते. तिने विचारले, 'अंघोळीइतकं का चहाइतकं?', आणि मी ते वाक्य बदलले.

चूक झाल्यावर पोस्ट गुपचूप काढून टाकणे मात्र मला सर्वांत अक्षम्य वाटते. ओआरएसची पोस्ट लिहिणाऱ्या त्या फार्मसीच्या मुलाला मी तसे करू दिले नाही. 'मी पाण्याचे माप लिहिले नव्हते. एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवायचे. पेल्यात कालवलेले द्रावण बाळाला दिले असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा' अशी तीन वाक्ये त्याने माझ्यासमोर बसून लिहिली आणि ज्या सतरा गटांत मूळ पोस्ट टाकली होती, त्या सतराही गटांत पाठवली. आजींच्या सुनेचा गट त्या सतरांत नव्हता. तिथे ती पोस्ट कुणीतरी पुढे पाठवली होती आणि तिथून ती आणखी कुठे गेली, हे शोधायला आम्हाला काही मार्ग नव्हता.