पायचीतचा निर्णय: पंचाने निवाडा कसा करावा

पायचीत (यष्ट्यांवर जाणारा चेंडू फलंदाजाच्या पायाला अडल्यामुळे बाद) देणे किंवा न देणे ही शेवटी पंचाची मर्जी असते, असे मैदानावर सर्रास बोलले जाते. क्लब पातळीवर मनापासून पंचगिरी करू इच्छिणाऱ्याने हा समज आधी सोडावा, कारण क्रिकेटच्या 36 व्या नियमातील बहुतेक प्रश्नांचे उत्तर डोळ्यांना दिसते आणि खरा अंदाज करावा लागतो तो शेवटच्या प्रश्नात.

प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारावेत. चेंडू नोबॉल होता का? त्याचा टप्पा लेग स्टंपच्या (फलंदाजाच्या पायांकडील यष्टीच्या) बाहेर होता का? पॅडआधी तो बॅटला लागला का? पॅडला लागताना तो यष्ट्यांच्या रेषेत होता का? एखादे उत्तर फलंदाजाच्या बाजूने गेले की तेथेच थांबावे. उजव्या हाताचा गोलंदाज ओव्हर द विकेट (चेंडू टाकणारा हात यष्ट्यांच्या बाजूला ठेवून) येऊन डावखुऱ्या फलंदाजाला चेंडू टाकतो, तेव्हा चेंडू मधल्या यष्टीवर जाताना दिसला तरी त्याचा टप्पा पुष्कळदा लेग स्टंपबाहेर असतो, आणि अपिलाच्या गदारोळात नेमके तेच निसटते. चौथ्या प्रश्नाला एक अपवाद आहे: फलंदाजाने बॅटने खेळण्याचा खरा प्रयत्न केला नसेल, तर ऑफ स्टंपबाहेर (पायांच्या विरुद्ध बाजूच्या यष्टीबाहेर) पॅडला लागलेल्या चेंडूवरही तो बाद होऊ शकतो. हा प्रयत्न खरा होता की बॅट पॅडमागे लपवली होती, हे ठरवताना पंचाची वैयक्तिक धारणा सर्वांत सहज शिरते. म्हणून फलंदाजाच्या मनाचा अंदाज बांधण्याऐवजी बॅट कोणत्या दिशेने गेली एवढेच पाहावे.

पाचवा प्रश्न म्हणजे चेंडू यष्ट्यांवर आदळला असता का. टप्प्यानंतर चेंडूने पॅडपर्यंत किती अंतर कापले, फलंदाज क्रीझपासून किती पुढे आला होता आणि त्या दिवशी खेळपट्टी किती उसळी देत होती, या तिन्हींचा येथे विचार करावा. मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगसारख्या सामन्यांत ओल्या खेळपट्टीवरची उसळी बेभरवशाची असते, त्यामुळे गुडघ्याच्या वर लागलेल्या चेंडूबाबत विशेष सावध राहावे. चेंडू टप्प्याविना पॅडला लागला असेल, तर तो आधीच्याच मार्गाने पुढे गेला असता असे नियमच गृहीत धरायला सांगतो; तेथे स्वतःची कल्पना लढवू नये.

पाचव्या प्रश्नात अंदाज अटळ असतो, म्हणूनच डीआरएसमधील (पंचाचा निर्णय तंत्रज्ञानाने पुन्हा तपासण्याच्या पद्धतीतील) 'अंपायर्स कॉल' ही तरतूद मला योग्य वाटते. निम्म्याहून कमी चेंडू यष्टीला लागत असल्याचे दिसले, तर मैदानावरील पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो, मग तो बाद असो वा नाबाद. प्रामाणिक निवाड्याला थोडी जागा असते हे तंत्रज्ञानानेही मान्य केले आहे. अपिलाचा आवाज, फलंदाजाचे नाव किंवा मागच्या षटकातील चुकीची भरपाई यांना मात्र त्या जागेत स्थान नाही, आणि यांतली भरपाई सर्वांत घातक, कारण ती न्यायाचे रूप घेऊन येते.

बोट वर करण्यापूर्वी पाचही प्रश्न मनात पूर्ण होऊ द्यावेत. वेस्ट इंडिजचे आंतरराष्ट्रीय पंच स्टीव्ह बकनर त्यांच्या संथ निर्णयासाठीच ओळखले जात. सामना संपल्यावर प्रत्येक अपिलासमोर तो कोणत्या प्रश्नावर निकाली निघाला हे वहीत लिहावे, आणि जेथे असा प्रश्न दाखवता येत नाही, त्या निर्णयाबद्दल जोडीदार पंचाशी त्याच संध्याकाळी बोलावे.