लाँगबो घेऊन हरणाच्या पारधीला: धनुष्य, बाण आणि वीस यार्डांची शिस्त

हा मजकूर अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथल्या व्हाइटटेल हरणाच्या हंगामात लाँगबो या साध्या लांब धनुष्याने पारध करू पाहणाऱ्यांसाठी आहे. भारतात वन्यप्राण्यांची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. लाँगबोसाठी ओळखल्या जाणाऱ्या इंग्लंडमध्येही धनुष्याने शिकार करायला बंदी आहे. अमेरिकेत परवाना, टॅग (मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी) आणि हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. धनुष्याचा किमान जोर आणि पात्याची किमान रुंदी प्रत्येक राज्याची वेगळी, त्यामुळे खरेदीच्या आधी आपल्या राज्याची नियमपुस्तिका वाचा. खालचं नेमबाजीचं तंत्र मात्र भारतात निशाण्यावर सराव करणाऱ्यालाही लागू आहे.

लाँगबो ओळखायची खूण सोपी आहे. दोरी चढवल्यावर ती फक्त दोन टोकांच्या खाचांमध्ये बसते, भुजांना, म्हणजे मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांना, कुठेच टेकत नाही. रिकर्व्ह या दुसऱ्या प्रकारच्या धनुष्यात टोकं पुढे वळलेली असतात आणि दोरी त्यांच्यावर टेकते. सातपुड्यातल्या भिल्लांचा तिरकमठा पाहिलेल्याला हा आकार परका वाटणार नाही. आजच्या अमेरिकन लाँगबोत फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये मेपल किंवा बांबूच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, लांबी साधारण 66 ते 68 इंच. कप्पी नाही, नेम धरायची साइट नाही. वजनाला हलकं, आवाजाला हळू, आणि बिघडण्यासारखं त्यात जवळजवळ काहीच नाही. 1545 साली बुडालेल्या आणि 1982 मध्ये वर काढलेल्या मेरी रोझ जहाजावर शंभराहून जास्त लाँगबो सापडले. त्यांच्याशेजारी आजचा लाँगबो ठेवला तर तीच रेषा डोळ्यांत भरते. ते सौंदर्य खरं आहे, पण ते हातात घेणाऱ्याला बाकी सगळं काम स्वतः करावं लागतं.

जोर किती असावा

धनुष्यावर लिहिलेला पौंडांचा आकडा म्हणजे दोरी 28 इंच मागे ओढल्यावर लागणारा जोर. तुमची ओढ 26 इंच असेल तर दर इंचाला दोन ते तीन पौंड वजा करा. म्हणजे 45 पौंडांचं धनुष्य तुमच्या हातात चाळिशीच्या आसपासच उतरतं. व्हाइटटेलसाठी हातात प्रत्यक्ष 40 ते 50 पौंड भरपूर झाले. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे पहिलंच धनुष्य 55 किंवा 60 पौंडांचं घेणं. ते पूर्ण ओढलं जात नाही, ओढणारा हात गालापर्यंत पोहोचायच्या आत दोरी सुटते, आणि ही खोड जडली की जायला वर्षं लागतात. 35 पौंडांवर सुरुवात करा, काही महिन्यांनी वर जा.

दोरी चढवताना स्ट्रिंगर, म्हणजे दोन्ही टोकांना अडकवून धनुष्य वाकवायची वेगळी दोरी, वापराच. पायात अडकवून धनुष्य वाकवलं की भुजा पिळते. दोरी चढल्यावर मुठीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचं अंतर मोजा. याला ब्रेस हाइट म्हणतात आणि बहुतेक लाँगबोंत ते 6 ते 7.5 इंच असतं. बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापासून सुरुवात करून दोरीला थोडेथोडे पीळ देत धनुष्य सर्वांत शांत कुठे वाजतं ते ऐका. नवी डेक्रॉनची दोरी पहिल्या दिवसांत ताणते, म्हणून शंभरेक बाणांनंतर पुन्हा मोजा. न ताणणाऱ्या आधुनिक धाग्याची दोरी जुन्या धनुष्याला लावू नका, टोकं फाटतात. बाणाशिवाय दोरी कधीच सोडू नका, आणि उन्हात तापलेल्या गाडीत धनुष्य ठेवू नका, चिकटवलेले थर सुटतात.

बाण: खरं काम इथे आहे

लाँगबोचा शेल्फ, म्हणजे मुठीवरची बाण टेकवायची कड, मध्यरेषेपर्यंत कापलेला नसतो. त्यामुळे बाण मुठीच्या बाजूने तिरका निघतो, सुटताच वाकतो, मुठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. हे वाकणं नेमकं जमायला दांड्याचा ताठरपणा, म्हणजे स्पाइन, धनुष्याशी जुळला पाहिजे. लाकडी दांड्याचा स्पाइन मोजायची जुनी पद्धत अशी: 26 इंचांवरच्या दोन आधारांवर दांडा ठेवायचा, मध्ये दोन पौंड टांगायचे, आणि 26 ला इंचांतल्या झुकावाने भागायचं. अर्धा इंच झुकला तर स्पाइन 52. दांडे पाच पौंडांच्या गटांत विकले जातात. हातात 45 पौंड, 28 इंचांचा बाण आणि 125 ग्रेनचं (सुमारे 8 ग्रॅम) टोक असेल तर 45–50 चा गट घ्या, आणि सोबत 40–45 चे दोन दांडेही मागवा. पूर्ण डझन घ्यायच्या आधी दोन्ही मारून पाहा.

चाचणी बिनपिसांच्या बाणाने होते. पंधरा यार्डांवरून पिसं लावलेले तीन आणि बिनपिसांचे दोन बाण मारा. आधी वर-खाली पाहा: बिनपिसाचा खाली लागला तर दोरीवरची नॉकिंग पॉइंटची, म्हणजे बाण अडकवायच्या जागेची, गाठ फार वर आहे. शेल्फपासून दोरीवर काटकोनात येणाऱ्या बिंदूच्या अर्धा इंच वर ही सुरुवातीची जागा, तिथून सोळांश इंचाने सरकवा. ते जमल्यावरच डावं-उजवं. उजव्या हाताच्या नेमबाजाचा बिनपिसाचा बाण डावीकडे गेला तर दांडा फार ताठ, उजवीकडे गेला तर फार लवचिक. ताठ असेल तर जड टोक लावा, लवचिक असेल तर दांडा पाव इंचाने कापा. क्रम उलटा केला की फसगत होते, कारण शेल्फवर आपटून उसळलेला बाण ताठ असल्याचं सोंग आणतो.

बाणाचं एकूण वजन धनुष्याच्या दर पौंडामागे निदान 9 ते 10 ग्रेन ठेवा. म्हणजे 45 पौंडांना साधारण 450 ग्रेन, जवळजवळ 29 ग्रॅम. हलका बाण वेगाने जातो खरा, पण धनुष्य ओरडतं आणि बाण खोल शिरत नाही. पिसं खरी, टर्कीची, पाच इंचांची तीन. प्लास्टिकची पिसं शेल्फवर घासून बाण उडवतात. तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची असावीत. लाकडी दांड्यावर नॉक, म्हणजे दोरीत बसणारी मागची खाचेची टोपी, चिकटवताना त्याची खाच टोकावर दिसणाऱ्या वलयांच्या रेषांना काटकोनात ठेवा, म्हणजे दांड्याची ताठ बाजू धनुष्याकडे येते. प्रत्येक वेळी बाण मारण्याआधी दांडा कानाजवळ हलकेच वाकवा. करकरला तर मोडून टाका. तडकलेला दांडा सुटताना फुटून हातात घुसतो.

पात्याचं वजन सरावाच्या टोकाइतकंच हवं. या जोराला दोन धारांचं, न उघडणारं, एकसंध पातं सर्वांत खात्रीचं. हॉट मेल्ट गोंदाने बसवा, मग बाण टोकावर उभा करून फिरवा. डगमगला तर गोंद गरम करून पुन्हा बसवा. धार हातावरचे केस साफ कापणारी हवी. भात्यातून काढ-घाल करूनही धार जाते, म्हणून रोज तपासा.

नेम आणि पल्ला

साइट नसल्याने गालावरची जागा हीच तुमची मागची साइट. मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला, दर वेळी तिथेच. पहिला महिना पाच यार्डांवरून कोऱ्या पेंढ्याच्या गठ्ठ्यावर, डोळे मिटून, फक्त दोरी सोडणं जमवण्यात घाला. मग शिकारीचा जाड कोट घालून, गुडघ्यावर आणि स्टुलावर बसून मारा. ढगळ बाही दोरीला लागते, आर्मगार्डने, म्हणजे धनुष्य धरणाऱ्या हातावर बांधायच्या पट्ट्याने, ती दाबून ठेवा.

तुमचा पल्ला ठरवायची कसोटी: 8 इंचांच्या कागदी ताटलीत सहापैकी सहा बाण. पाच चालत नाहीत. आणि रोज सकाळी अंग थंड असताना मारलेला पहिला एकच बाण वेगळा नोंदवा, कारण जंगलात तोच मिळतो. बहुतेकांचा प्रामाणिक पल्ला 15 ते 20 यार्ड निघतो. हा बाण सेकंदाला साधारण 160 ते 170 फूट जातो, म्हणजे वीस यार्डांना सेकंदाचा तिसरा भाग लागतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोहोचतो. सावध व्हाइटटेल पळण्यासाठी आधी खाली दबतं आणि बाण वरून निघून जातो. म्हणून कान टवकारलेल्या, तुमच्याकडे पाहणाऱ्या हरणावर सोडू नका. शांत चरणाऱ्यावरही पोटाच्या रेषेपासून एक तृतीयांश उंचीवर, पुढच्या पायाच्या लगेच मागे नेम धरा.

हरीण आडवं किंवा पाठमोरं तिरकं हवं. समोरून तोंड करून उभं असेल तर हात खाली ठेवा. छातीच्या हाडांत हा बाण अडकतो आणि जनावर दिवसभर कुढत मरतं. मचाणावर पट्टा बांधून बसा, वाकताना कंबरेतून वाका. खालची भुजा मचाणाच्या कडेला आपटणार नाही हे बसल्याबसल्या आधीच ओढून पाहा, 68 इंची धनुष्याला जागा लागते. वारा हरणाकडून तुमच्याकडे हवा. तो फिरला तर उतरा.

बाण लागल्यावर जागचं हलू नका. हरीण शेवटचं कुठे दिसलं ते झाड लक्षात ठेवा. बाण सापडला की रक्त वाचा. गुलाबी फेसाळ असेल तर फुप्फुस, अर्धा तास थांबा. गडद लाल असेल तर यकृत, चार तास. हिरवट आणि घाण वासाचं असेल तर पोट, आठ तास किंवा त्याहून जास्त. घाई केली तर जखमी हरीण उठून मैलभर जातं आणि रक्त बंद होतं. माग काढताना प्रत्येक थेंबाशेजारी कागदाचा तुकडा ठेवत चला. मागे वळून पाहिलं की तुकड्यांची रांग जनावराची दिशा दाखवते.