मोठ्या आतड्याचा लिम्फोमा : निदान हाती आल्यावर काय करावे

मोठ्या आतड्यातून घेतलेल्या तुकड्याच्या अहवालात ‘लिम्फोमा’ असे आले, तर हा आतड्याचा नेहमीचा कर्करोग नव्हे, हे सर्वप्रथम ध्यानात घ्यावे. तो लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींपासून होतो, मोठ्या आतड्याच्या एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते आणि त्याचा मुख्य उपचार बहुधा औषधांचाच असतो. म्हणून आतडे अडलेले किंवा फुटलेले नसेल आणि जोराचा रक्तस्रावही होत नसेल, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी रक्तविकारतज्ज्ञाला किंवा केमोथेरपी देणाऱ्या कर्करोगतज्ज्ञाला दाखवावे.

नुसत्या ‘लिम्फोमा’ या निदानावर उपचार ठरत नाहीत. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री या तुकड्यावरील विशेष तपासणीत पेशींवरील सीडी२०, सीडी३, सीडी१० अशा खुणा तपासून नेमका प्रकार ठरवतात. सर्वाधिक आढळतो तो डिफ्यूज लार्ज बी-सेल; परंतु आतड्यात असंख्य पॉलिप (आतल्या अस्तरावरील कोंबासारख्या वाढी) दिसले असतील, तर मँटल सेल प्रकारासाठी सायक्लिन डी१ हे प्रथिन तपासले आहे का, हे अवश्य विचारावे. प्रयोगशाळेकडून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (तुकडा मेणात बसवून जपलेला ठोकळा) मागून घ्यावेत व मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रात त्यांची फेरतपासणी करून घ्यावी. नुसता छापील अहवाल पुरत नाही, ब्लॉक लागतोच. तो जिवापाड जपावा.

आपल्याकडे लहान व मोठे आतडे जुळते तेथे क्षयही होतो आणि लिम्फोमाही, आणि ताप, पोटदुखी, वजन घटणे ही लक्षणे दोहोंतही सारखीच असतात. क्षयाच्या औषधांनी दोन-तीन महिन्यांत उतार पडत नसेल, तर पुन्हा तुकडा तपासण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. निदान पक्के होण्याआधी स्वतःहून स्टिरॉइड घेऊ नये, कारण त्याने लिम्फोमाच्या पेशी तात्पुरत्या नाहीशा होऊन तपासणी फसू शकते.

आजाराचा पसारा पेट-सीटी या शरीराच्या स्कॅनने कळतो. आर-चॉप हा रिटुक्सिमॅब आणि केमोथेरपीची औषधे एकत्र देण्याचा नेहमीचा उपचार सहसा दर २१ दिवसांनी, बहुतेकदा ६ वेळा देतात. त्याआधी हृदयाचा टूडी इको (सोनोग्राफी) आणि हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण रिटुक्सिमॅबमुळे दबून राहिलेला हा विषाणू पुन्हा उसळू शकतो.

उपचार चालू असताना गाठ विरघळून आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. पोटात अचानक तीव्र वेदना झाल्यास किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत गेल्यास, रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि लिम्फोमाची केमो चालू असल्याचे तेथे पोहोचताच सांगावे.