सरासरीवर उभी केलेली बेसलाइन: छोट्या शहराच्या शाश्वतता कार्यक्रमात मी कुठे अडकलो

छोट्या किंवा मध्यम शहराचा शाश्वतता कार्यक्रम तुमच्याकडे आला असेल, तर बेसलाइन (पुढची तुलना ज्याच्याशी करायची तो सुरुवातीचा आकडा), स्कोप १-२-३ (हरितगृह वायूंचं उत्सर्जन शहरात थेट झालं, वापरलेल्या विजेमुळे झालं की शहराबाहेर झालं, ही वर्गवारी) हे शब्द ठाऊक असणारच. त्यामुळे थेट माझ्या चुकीवर येतो.

स्थानिक आकडे मिळेनात, म्हणून मी देशाची दरडोई सरासरी घेतली, शहराच्या लोकसंख्येने गुणली आणि उत्सर्जनाचा हिशेब मांडला. तक्ते देखणे झाले. दोन वर्षांनी पुन्हा मोजायला बसलो, तेव्हा कळलं की आमचा आकडा दोनच गोष्टींनी हलतो: देशाची सरासरी आणि आमची लोकसंख्या. मधल्या काळात दिवे बदलले होते, गळत्या बुजवल्या होत्या, बसफेऱ्या वाढवल्या होत्या. त्यातलं काहीच दिसेना. उलट लोकसंख्या वाढली म्हणून उत्सर्जन वाढलेलं निघालं. सभागृहात विचारलं गेलं, "मग खर्च कशावर केलात?" मी गप्प उभा होतो. ते अजून टोचतं.

म्हणून कंटाळा आला तरी पुन्हा सांगतो. प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून विचारा: आपण काम केलं तर हा हलेल का? हलणार नसेल तर तो प्रस्तावनेत राहू द्या, उद्दिष्टात अजिबात नको. शहरांच्या हरितगृह वायूंची मोजणी ज्यानुसार होते, ती २०१४ची जीपीसी पद्धत सरासरीवरून अंदाज काढू देते, पण आकड्याचा दर्जाही नोंदवायला लावते. मी तो रकाना भरला आणि विसरून गेलो.

सुरुवात पालिकेच्या स्वतःच्या वीजबिलांपासून करा. त्यातही आधी पाणीउपसा. एक घनमीटर पाणी १०० मीटर चढवायला पंप आदर्श असला तरी सुमारे ०.२७ युनिट लागतात. जुन्या पंपाला बरीच जास्त. वाटेत गळून गेलेल्या पाण्यावरही ती वीज खर्च झालेलीच असते. गळती बुजवणं हे हवामानाचंच काम आहे, आणि ते मीटरवर दिसतं.

महानगराचा आराखडा हातात देऊन "नाव तेवढं बदला" म्हणणारा सल्लागार कितीही अनुभवी असो, टाळा. मला खरं शिकवलं पंपहाउसच्या ऑपरेटरांनी आणि लेखा विभागातल्या कारकुनांनी. कोणता मीटर बंद आहे, कोणतं बिल भलत्याच खात्यावर पडतं, हे त्यांनाच माहीत असतं.

माणसं कमी आहेत म्हणून धास्तावू नका. स्वीडनमधल्या वेक्शो या छोट्या शहराने जीवाश्म इंधनमुक्तीचा ठराव १९९६ मध्ये केला. पण घरं तापवणाऱ्या सामाईक यंत्रणेत लाकूडफाट्याचं इंधन तिथे १९८० पासूनच वापरात होतं. आधी हाताशी असलेलं काम, मग ठराव. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे वर्षभराची बिलं आणि चालू-बंद मीटरांची यादी एवढंच जमलं, तरी ते पुरेसं आहे.